चर्चसाठी घेतलेली जोखीम: अ‍ॅलन ऑर्गन कंपनी, १९६९ ते १९७१

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांच्या दारात एक अनपेक्षित पाहुणा उभा राहिला: नॉर्थ अमेरिकन रॉकवेल. अपोलो यानाचं कमांड मॉड्यूल बांधणारी ती हीच कंपनी. तिचा ऑटोनेटिक्स विभाग मिनिटमन क्षेपणास्त्रांची दिशादर्शक यंत्रणा तयार करत असे. त्यांच्याकडे एक कल्पना होती. ऑर्गनचा स्वर विजेच्या कंपनातून घडवायचाच नाही. त्याच्या लहरीचा आकार आकड्यांत नोंदवून स्मृतीत साठवायचा आणि चावी दाबली की ते आकडे भराभर वाचून त्यांचा पुन्हा आवाज करायचा.

आज हे वाचताना काहीच वाटणार नाही, कारण आपल्या फोनमधलं प्रत्येक गाणं असंच साठवलेलं असतं. पण तेव्हा कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात यायला दशकभराहून अधिक काळ होता आणि इंटेलची पहिली मायक्रोप्रोसेसर चिपही आलेली नव्हती. अशा वेळी ही कल्पना उचलली ती पेनसिल्व्हेनियातल्या मकंजी नावाच्या छोट्या गावातल्या अ‍ॅलन ऑर्गन कंपनीने. १९६९ मध्ये करार झाला, १९७१ मध्ये वाद्य बाजारात आलं. विक्रीसाठी तयार झालेलं जगातलं पहिलं डिजिटल वाद्य हे असं चर्चमध्ये वाजलं. ते रॉक बँडच्या मंचावरून आलं नाही, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतूनही नाही.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. मला ती जास्त मोलाची वाटते, कारण नवं तंत्र पहिल्यांदा कोण विकत घेतं याविषयीच्या आपल्या समजुतीला ती धक्का देते. इथे गिऱ्हाईक होतं चर्चची समिती: वर्षानुवर्षं वर्गणी आणि देणग्या साठवणारी, एकदा घेतलेली वस्तू पुढच्या पिढीनेही वापरावी अशी अपेक्षा धरणारी, नावीन्याबद्दल फारसं प्रेम नसलेली. अशा गिऱ्हाइकासाठी अ‍ॅलनने सगळ्यांत नवं तंत्र का निवडलं, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

मराठी वाचकाच्या मनात ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन येतो. तो पत्तींचा ऑर्गन. चर्चचा पाइप ऑर्गन वेगळा. त्यात प्रत्येक स्वराला आणि प्रत्येक स्वरजातीला स्वतंत्र नळी असते. वादक ‘स्टॉप’ नावाचे खटके ओढून कोणत्या जातीच्या नळ्या बोलतील ते ठरवतो. हातांनी वाजवायच्या एका पट्टीत सहसा ६१ चाव्या असतात आणि खाली पायांसाठी वेगळी पट्टी. म्हणजे एक स्टॉप वाढवला की ६१ नळ्या वाढल्या. मध्यम आकाराच्या वाद्यातही नळ्या हजारांत जातात. शिवाय तपमान बदललं की सूर सरकतो आणि हवेतली आर्द्रता लाकडाला छळते. आपल्याकडच्या किनारपट्टीवर चार महिने पावसाळा झेलणाऱ्या लाकडी वाद्यांचं काय होतं, ते इथल्या कुणाला समजावून सांगायला नको.

लीहाय खोऱ्यातला मुलगा

जेरोम मार्कोविट्झने १९३७ मध्ये अ‍ॅलनटाउन शहरात इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवर काम सुरू केलं, तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. कंपनीचं नाव शहरावरून घेतलं; अ‍ॅलन नावाचा कुणी संस्थापक नव्हता. हा सगळा लीहाय खोऱ्याचा भाग. पोलाद, सिमेंट आणि रेशमाच्या गिरण्यांचा मुलूख, आणि त्यात जर्मन वंशाच्या लोकांची लुथरन, रिफॉर्म्ड आणि मोरेव्हियन चर्चेस. शेजारच्या बेथलेहेममध्ये जर्मन संगीतकार बाखच्या ‘बी मायनर मास’ या प्रार्थनासंगीताचं अमेरिकेतलं पहिलं संपूर्ण सादरीकरण १९०० मध्ये झालं. चर्चमध्ये चांगलं संगीत असावं ही तिथे श्रीमंतांची हौस नव्हती, साध्या कामगार वस्त्यांचाही तो आग्रह होता. पण मोठा पाइप ऑर्गन परवडेल असं चर्च विरळा. बाजारपेठ मार्कोविट्झच्या घराभोवतीच पसरलेली होती.

त्याच्या आधी हॅमंड आला होता. लॉरेन्स हॅमंडचं वाद्य १९३५ पासून विकलं जात होतं आणि चर्चेसनी ते मोठ्या संख्येने घेतलं. त्यात दातेरी धातूची चाकं तारेचं वेटोळं गुंडाळलेल्या चुंबकासमोर फिरत आणि त्यातून स्वर निघत. हॅमंडच्या जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला. पाइप ऑर्गनचे सगळे स्वरगुण हे वाद्य देतं, हा दावा खोटा आहे असं कमिशनचं म्हणणं होतं. मग शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपलमध्ये चाचणी घेतली गेली. एका बाजूला स्किनर कंपनीचा सुमारे ७५ हजार डॉलरचा पाइप ऑर्गन, दुसऱ्या बाजूला सुमारे २६०० डॉलरचा हॅमंड. कोणतं वाद्य वाजतंय ते ऐकणाऱ्यांनी ओळखायचं. जाणकार संगीतकारांची साधारण तिनातली एक उत्तरं चुकली, विद्यार्थ्यांची जवळपास निम्मी. तरीही १९३८ मध्ये कमिशनने हॅमंडला अतिरंजित दावे थांबवायला लावले. ‘ऑर्गन’ हा शब्द मात्र वापरू दिला.

या निकालाचं महत्त्व त्या प्रकरणापुरतं नव्हतं. त्या दिवसापासून इलेक्ट्रॉनिक ऑर्गन बनवणाऱ्या प्रत्येकाच्या मागे एकच प्रश्न लागला: खऱ्यासारखं वाजतं का? होम ऑर्गन विकणाऱ्यांना त्यातून पळवाट होती. ते ‘आमचं वाद्य वेगळं आहे’ म्हणू शकत होते. मार्कोविट्झने चर्च हे गिऱ्हाईक निवडलं आणि ती पळवाट स्वतःच बंद केली.

फिरत्या चाकांऐवजी त्याने ऑसिलेटर घेतला, म्हणजे विजेचं ठरावीक वेगाने कंपन करणारं सर्किट. मूळ अडचण अशी की व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ऑसिलेटर स्थिर राहत नाही. ट्यूब तापते, सुटे भाग जुने होतात, सूर उतरतो किंवा चढतो. मार्कोविट्झचं पहिलं मोठं काम म्हणजे सूर धरून ठेवणारा ऑसिलेटर बनवणं. त्यावर आधारलेला पहिला ऑर्गन १९३९ मध्ये तयार झाला. महायुद्धात उत्पादन अडलं आणि १९४५ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली.

अ‍ॅनालॉगची भिंत

पुढची वीस-पंचवीस वर्षं कंपनी वाढत राहिली, पण एका विशिष्ट भिंतीला डोकं आपटत. बहुतेक स्वस्त वाद्यांत वरच्या सप्तकाचे बारा ऑसिलेटर असत आणि खालचे सगळे स्वर त्यांची कंपनं निम्मी-निम्मी करून काढले जात. खर्च वाचतो, पण सगळी सप्तकं एकमेकांना नको तितकी चिकटलेली वाटतात. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक नळी स्वतंत्र असते, शेजारच्या नळीपेक्षा ती केसभर इकडेतिकडे असते, आणि त्या बारीक फरकांतूनच आवाजाचा भरदारपणा येतो. अ‍ॅलनने मोठ्या वाद्यांत प्रत्येक स्वराला स्वतंत्र ऑसिलेटर दिला. आवाज भरला, पण आता एक स्टॉप-समूह वाढवायचा म्हणजे कित्येक डझन ऑसिलेटर वाढवायचे. मोठ्या वाद्यात शेकडो ट्यूब. उष्णता, वीज, आणि सूर जुळवायला येणारा माणूस.

म्हणजे पाइप ऑर्गनमध्ये जे दुखणं होतं तेच विजेच्या रूपात परत आलं होतं. आवाज जितका मोठा हवा, तितके सुटे भाग आणि तितका खर्च.

वाटेत उपाय शोधले गेले. १९४० च्या दशकाच्या शेवटी कंपनीने ‘गायरोफोनिक प्रोजेक्टर’ आणला. त्यात स्पीकरच एका चकतीवर फिरत असत, म्हणजे आवाज एका भोंग्यातून येतोय असं न वाटता तो हॉलभर पसरलेला वाटे. १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला, आणि योगायोग असा की वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ज्या कारखान्यात १९५१ मध्ये ट्रान्झिस्टरचं व्यापारी उत्पादन सुरू झालं तो अ‍ॅलनटाउनमध्येच होता. त्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅलनच्या ऑर्गनमधून ट्यूब जाऊन ट्रान्झिस्टर आले. उष्णता कमी झाली, भरवसा वाढला. पण स्वरागणिक सर्किट हे गणित तसंच राहिलं.

१९६९ च्या निर्णयाकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवं. मार्कोविट्झला भविष्य दिसत होतं वगैरे म्हणणं सोपं आहे. मला वाटतं त्याला भविष्यापेक्षा आपला तीस वर्षांचा त्रास स्वच्छ दिसत होता. अ‍ॅनालॉग पद्धतीत, म्हणजे स्वर थेट विजेच्या कंपनातून घडवण्यात, आणखी सुधारणा करून तो संपणार नव्हता.

दहा बोटं आणि दोन पाय

रॉकवेलमधल्या राल्फ डॉइच या संशोधकाने डिजिटल ऑर्गनच्या पेटंटसाठी १९६७ मध्ये अर्ज केला होता. जून १९७० मध्ये ते मंजूर झालं. त्यातली मूळ सूझ समजून घेण्यासारखी आहे.

ऑर्गनवर शेकडो स्वर असतात, पण वादकाला दहा बोटं आणि दोन पाय असतात. म्हणजे एका क्षणी साधारण बाराच चाव्या दाबलेल्या असणार. मग प्रत्येक स्वरासाठी वेगळं सर्किट कशाला? बारा स्वरजनक पुरे. एखादी चावी दाबली गेली की मोकळा असलेला स्वरजनक तिच्या कामाला लागतो. चावी सुटली की तो परत मोकळा. स्मृतीत स्वरलहरीच्या एका आवर्तनाचे नमुने आकड्यांच्या रूपात ठेवलेले. उंच स्वर हवा तर ते आकडे जलद वाचायचे, खालचा हवा तर सावकाश. आणखी एक स्टॉप हवा? सर्किट वाढवायची गरज नाही, फक्त आणखी काही आकडे साठवायचे.

तीस वर्षं न हललेलं गणित इथे उलटलं. स्टॉप वाढवणं ही सुट्या भागांची बाब राहिली नाही, स्मृतीची झाली.

दुसरा फायदा चर्चच्या समितीला लगेच कळणारा होता. सगळं वाद्य एकाच स्थिर घड्याळाच्या ठोक्यावर चालत असल्यामुळे सूर हलत नाही. उन्हाळा असो, हिवाळा असो, रविवारी सकाळी गारठलेल्या चर्चमध्ये पहिला स्वर लावला तरी तो जागच्या जागी. सूर जुळवणारा माणूस बोलवायला नको.

हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात इतकं काम एका ऑर्गनच्या लाकडी पेटीत बसवायला एकाच तुकड्यावर असंख्य ट्रान्झिस्टर एकत्र बसवलेल्या, एमओएस जातीच्या चिप लागत, आणि त्या बनवू शकणाऱ्या कंपन्या मोजक्या. रॉकवेल त्यांपैकी एक. जपानच्या शार्पने १९६९ मध्ये आणलेल्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरमधल्या चिप रॉकवेलच्याच होत्या. चंद्राची मोहीम उतरणीला लागली होती, सरकारी कंत्राटं आटणार हे दिसत होतं, त्यामुळे नागरी गिऱ्हाईक शोधणं त्यांनाही गरजेचं होतं. इकडे अ‍ॅलन ही तुलनेने चिमुकली कंपनी. खास स्वतःसाठी चिप बनवून घेणं म्हणजे एकही वाद्य विकलं जाण्याआधी मोठी रक्कम गुंतवणं. पुरवठादार आपल्यापेक्षा कितीतरी मोठा असला की धाकटा भागीदार त्याच्या मर्जीवर राहतो, हा धोका वेगळाच. प्रकल्प अर्धवट सुटला असता तर या आकाराच्या कंपनीला ते झेपलं नसतं.

प्रकल्प सुटला नाही. १९७१ मध्ये ‘डिजिटल कॉम्प्युटर ऑर्गन’ विक्रीला आला. त्या पहिल्या पिढीतलं वाद्य आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

आवाजाचा हिशेब

इथे कौतुक थांबवून कान उघडे ठेवायला हवेत. पहिल्या पिढीचा आवाज परिपूर्ण नव्हता. लहरीचं एकच आवर्तन साठवून तेच पुन्हापुन्हा वाजवलं की स्वर स्वच्छ येतो, पण तो गोठलेला वाटतो. खऱ्या नळीत हवा शिरताना आधी एक बारीक फुत्कार होतो, मग स्वर उभा राहतो. वाजत असतानाही तो किंचित हलत असतो. एका आवर्तनात यातलं काही मावत नाही. आणि ज्या अचूकतेची जाहिरात केली तीच इथे आड आली: सगळं एकाच घड्याळावर असल्यामुळे सगळे स्टॉप इतके तंतोतंत जुळत की समूहाचा भरणा नाहीसा होई. म्हणून मोठ्या वाद्यांत दोन स्वतंत्र संगणक ठेवून त्यांचे सूर मुद्दाम जरासे वेगळे लावावे लागत.

जाणकार ऑर्गनवादकांपैकी अनेकांनी हे वाद्य नाकारलं, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पाइप ऑर्गन हवा हलवतो, दगडी भिंतींना बोलकं करतो. स्पीकर कितीही लावले तरी ते वेगळं काम आहे. शिवाय चांगला पाइप ऑर्गन शंभर वर्षं टिकतो, दुरुस्त होतो, पुन्हा बांधता येतो. हा वाद अजून मिटलेला नाही. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचा पाइप ऑर्गन ११ सप्टेंबर २००१ च्या धुळीने निकामी झाला. मग तिथे २००३ मध्ये मार्शल अँड ओग्लट्री या दुसऱ्या कंपनीचा डिजिटल ऑर्गन बसवला गेला, तेव्हा त्यावर तावातावाने चर्चा झाली. पुढे त्या चर्चने पुन्हा पाइप ऑर्गनचीच वाट धरली.

पण अ‍ॅलनचा बहुसंख्य गिऱ्हाईक ट्रिनिटी चर्च नव्हता. तो होता दोन-तीनशे माणसांचा गावातला मेळा, ज्याच्यासमोर ‘पाइप की डिजिटल’ असा पर्यायच नव्हता. पर्याय होता डिजिटल की जुना कुरकुरणारा ट्यूबचा ऑर्गन. या गिऱ्हाइकाला १९७१ च्या वाद्याने जे दिलं ते खरोखर मोठं होतं.

त्या वाद्यांतली एक सोय मला फार आवडते. १९७० च्या दशकातल्या अ‍ॅलन ऑर्गनमध्ये पंचकार्ड वाचणारी खाच असे. कार्यालयांतल्या संगणकांत घालत तसलंच भोकं पाडलेलं कार्ड तिथे सरकवलं की त्यावरचा नवा स्टॉप वाद्यात भरला जाई. वादकाने वाद्य विकत घेतल्यानंतर त्यात नवी स्वरजाती घालायची, ही गोष्ट पाइपच्या जगात महिन्यांच्या सुतारकामाशिवाय शक्य नव्हती. स्वर म्हणजे माहिती, हे त्या कार्डाने वादकाच्या हातात आणून दिलं.

आडवाट

याच तंत्राची दुसरी शाखा नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटमध्ये फुटली. तिथे अ‍ॅलनची रॉकी माउंट इन्स्ट्रुमेंट्स (आरएमआय) नावाची उपकंपनी होती आणि तिचा ‘इलेक्ट्रा-पियानो’ रॉक संगीतात आधीच परिचित झाला होता. १९७४ च्या सुमारास तिने ‘कीबोर्ड कॉम्प्युटर’ आणला: चर्चच्या ऑर्गनमधलंच डिजिटल यंत्र, पण मंचावर नेता येईल असं. फ्रेंच संगीतकार जाँ मिशेल जार याने आरएमआयची वाद्यं वापरली. तरीही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही शाखा बंद झाली. जगातलं पहिलं डिजिटल वाद्य ज्यांच्या हातात होतं, त्यांना सिंथेसायझरची बाजारपेठ मिळाली नाही. ती १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ने खेचून नेली.

याला अपयश म्हणता येईल. पण पॉप संगीताचं गिऱ्हाईक दर दोन वर्षांनी नवा आवाज मागतं, आणि मकंजीच्या कारखान्याची सगळी घडण त्याच्या उलट होती. दोन्ही धंदे एका छताखाली चालणं अवघड होतं.

पेटंटच्या जोरावर आघाडी टिकेल ही आशाही पुरती फळली नाही. डॉइच पुढे जपानच्या कावाई कंपनीसाठी काम करू लागला. ऑर्गन बनवणाऱ्या किंबॉल कंपनीविरुद्धचा अ‍ॅलनचा पेटंट-खटला अपिलातही १९८८ मध्ये विरोधात गेला. तोवर डिजिटल ध्वनी कुणा एकाचा राहिलेलाच नव्हता.

मग टिकलं काय?

१९८० च्या दशकात अमेरिकेतला होम ऑर्गनचा बाजार कोसळला. दिवाणखान्यात ऑर्गन ठेवायची हौस ओसरली, स्वस्त कीबोर्ड आले. कॉन, वुर्लिट्झर, किंबॉल यांचे ऑर्गनचे धंदे मिटले. हॅमंडचं नाव जपानच्या सुझुकीकडे गेलं. चर्चच्या बाजारातला अ‍ॅलनचा मोठा प्रतिस्पर्धी, ओरेगॉनचा रॉजर्स, हा सीबीएस, मग स्टाइनवे, मग १९८८ मध्ये रोलँड आणि २०१६ मध्ये जोहानस ही ऑर्गन कंपनी चालवणाऱ्या डच घराण्याकडे असा फिरत राहिला. अ‍ॅलन मकंजीतच राहिली. १९९१ मध्ये जेरोम मार्कोविट्झचं निधन झालं. कंपनीची सूत्रं मुलगा स्टीव्हन मार्कोविट्झकडे आली.

माझ्या मते त्यांना तारलं ते दोन गोष्टींनी, आणि दोन्हींचं मूळ त्या सावध गिऱ्हाइकात आहे. पहिली म्हणजे कारखान्याची रचना. लाकडी कन्सोल, सर्किट बोर्ड, स्पीकरच्या पेट्या, शक्य तितकं सगळं घरात. आधुनिक व्यवस्थापनाची पुस्तकं असं करू नका म्हणून सांगतात. पण ज्याचा बोर्ड तुम्ही स्वतः बनवला त्याला तीस वर्षांनी सुटा भाग देणं तुमच्या हातात असतं. चर्चच्या समितीतला सुतार, शिक्षक किंवा निवृत्त हिशेबनीस नमुन्यांच्या संख्येविषयी विचारत नाही. तो विचारतो की पुढच्या पाद्रीच्या काळात हे बंद पडलं तर कोण येणार.

दुसरी म्हणजे तंत्र थांबलं नाही. स्मृती स्वस्त होत गेली तसं एका आवर्तनाच्या जागी खऱ्या नळ्यांचं लांब ध्वनिमुद्रण आलं, स्वराची सुरुवात, मध्य आणि शेवट धरून. पुढे प्रत्यक्ष इमारतींच्या निनादाची मोजमापं घेऊन तो निनादही वाद्यात आणला गेला. १९७१ मध्ये टीकाकारांनी ज्या उणिवा दाखवल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच अशा भरून निघाल्या, पण त्याला पंधरा-वीस वर्षं लागली. पहिली डिजिटल पिढी विकली गेली ती आवाजाच्या श्रेष्ठतेवर नव्हे, न हलणाऱ्या सुरावर आणि कंपनीच्या शब्दावर, हे मान्य केलं पाहिजे.

१९९० च्या दशकात कंपनीने ऑर्गनबाहेर पाय टाकला. डेटा कम्युनिकेशनची उपकरणं आणि महागडे स्पीकर बनवणाऱ्या कंपन्या घेतल्या. त्यांतली ईस्टर्न रिसर्च २००६ मध्ये सिकॅमोर नेटवर्क्सने विकत घेतली. ही बाजू मी पटकन ओलांडतो. पैशाच्या दृष्टीने ती महत्त्वाची असेल, पण वाद्याच्या गोष्टीत तिने भर घातली नाही.

आजचं आव्हान वेगळ्या दिशेने आलं आहे. हॉप्टवर्कसारख्या सॉफ्टवेअरमुळे घरचा संगणक, दोन-तीन चाव्यांच्या पट्ट्या आणि बरे स्पीकर जोडले की युरोपातल्या एखाद्या नामांकित ऑर्गनचं नळी-नळीचं ध्वनिमुद्रण घरात वाजवता येतं. ऑर्गन शिकणाऱ्या तरुणांचा ओढा तिकडे आहे, आणि आवाजाच्या बारकाव्यात ते मागे नाही. स्वर म्हणजे माहिती हे एकदा सिद्ध केल्यावर ती माहिती कुणाच्याही संगणकावर जाणार, हे त्या पंचकार्डातच लिहिलेलं होतं. पश्चिमेकडच्या चर्चेसची उपस्थितीही घटते आहे, आणि बंद होणाऱ्या चर्चेसचे जुने ऑर्गन नव्यांच्या विक्रीच्या आड येतात. मकंजीच्या बाजूने उरते ती रविवारच्या प्रार्थनेची अट. तिथे वाजवणारा बहुधा हौशी असतो, संगणकाची कुरबूर निस्तरायला त्याच्याकडे वेळ नसतो. खटका दाबल्यावर वाद्य सुरू झालंच पाहिजे, आणि झालं नाही तर फोन कुणाला करायचा ते ठाऊक असलं पाहिजे.